डुल्याचा बिल्ला

माझ्या भावाला आख्खी गल्ली डुल्या म्हणायची. तो दारू पिऊन डुलतो अशी सगळ्यांची पक्की समजूत होती, आणि ती पक्की राहावी म्हणून सगळ्यात जास्त कष्ट घेतले ते त्यानेच. त्याच्या कोटाच्या खिशात कायम एक चपटी असायची. तिच्यातली दारू तो पीत नसे. चार थेंब तळहातावर घ्यायचे, मानेला आणि कॉलरला चोळायचे, झालं. एक चपटी त्याला वर्षभर पुरायची. एवढा काटकसरी दारुडा जगात दुसरा झाला नसेल.

मी त्याची धाकटी बहीण. मी शिवणाचं मशीन चालवते आणि तोंडही चालवते, असं माझी वहिनी म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही. दादा ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये, आमच्या बोलण्यात कारखान्यात, कामाला होता, तिथल्या कामगारांचे कापूस भरलेले जाड कोट दुरुस्तीला माझ्याकडे येतात. त्यामुळे ती इमारत मला चांगली माहीत आहे. तिला खिडकी म्हणून नाही. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना वीतभर जाडीची दारं, दारांच्या कडांना काळ्या रबराची पट्टी, आणि सगळीकडे अमोनियाचा नाकात घुसणारा वास. एका खोलीत बटाटे, एकीत सफरचंदं, आणि बोळाच्या टोकाला गोठवलेल्या मटाराची खोली, जिच्यात श्वास घेतला की नाकातले केससुद्धा ताठ होतात. दादा आधी पोती वाहायचा. नंतर त्याला खोल्याखोल्यांतून फिरून तापमान बघायचं काम मिळालं.

तिथे एक नियम आहे. प्रत्येक कामगाराला पितळेचा एक बिल्ला मिळतो, त्यावर त्याचा नंबर. प्रत्येक खोलीच्या दाराशेजारी खुंट्यांची रांग. आत जाताना बिल्ला खुंटीला टांगायचा, बाहेर येताना काढून घ्यायचा. दार लावणाऱ्याने आधी खुंट्या बघायच्या, मग आत डोकावून हाक मारायची, आणि मगच दार ओढायचं. आत खोकी छतापर्यंत रचलेली असतात, मागे माणूस असला तर दिसत नाही, म्हणून हा बिल्ला. माणसं जेवणाचा डबा घरी विसरायची, पण बिल्ला टांगायला कोणी विसरत नसे. दादाच्या कोटाला बिल्ल्यासाठी आतून झाकणाचा एक खिसा मीच शिवून दिला होता, म्हणजे वाकला तरी पडायला नको.

आता त्याच्या डोक्याबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. खरं तर आमच्या आईपासून सुरू होतं. आई भांडी घासता घासता मध्येच थांबायची. डोळ्यांपुढे चमकणारी करवत फिरतेय, म्हणायची. मग तिचा एक हात लुळा पडायचा, शब्द तोंडातच अडकायचे, आणि मागून डोकं असं ठणकायला लागायचं की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. उतार पडला की उठायची आणि उरलेली भांडी घासायची. नेमकं तिथेच तिचं बिघडलं. हात लुळा पडतो आणि संध्याकाळी पुन्हा चालायला लागतो, असं कुठे असतं का? आमची आत्या तोंडावर म्हणायची, कामाचा कंटाळा आला की हिचा हात जातो. आई तोंडातून ब्र काढत नसे. ती वारली तेव्हा भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, बाई स्वभावाने गरीब, फक्त जरा नाटकी. हे वाक्य मी अजून कोणाला माफ केलेलं नाही.

दादाला ते मिसरूड फुटायच्या वयात लागलं. तीच करवत, तोच हात, तशीच जड जीभ. मला नाही झालं. लहानपणी मी कितीतरी वेळा डोळे ताणून भिंतीकडे बघत बसायचे, मलाही काही चमकतंय का म्हणून. आईच्या दोन लेकरांतलं एक उचललं आणि एक सोडलं, एवढाच काय तो हिशेब.

कोल्ड स्टोरेजमध्ये लागल्यावर थोड्याच दिवसांत त्याने एक गोष्ट बघितली. त्याच्या बरोबरच्या एका कामगाराला बोळात फेफरं आलं. मुकादमाने त्याला पाणी दिलं, रिक्षात बसवलं, आणि परत कधी आत घेतलं नाही. अंगावर झटका येणारा माणूस थंड खोल्यांत आणि अमोनियाच्या यंत्राजवळ नको, असा नियमच आहे, आणि मुकादम चुकला असं मी म्हणणार नाही. पण पिऊन आलेल्याचं काय व्हायचं? मुकादम त्याला शेलक्या शिव्या घालायचा, घरी पाठवायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून हजर. तिथे दारुड्याला माफी होती, आजाऱ्याला नव्हती. दादाने हे डोक्यात ठेवलं, आणि पुढच्या वेळी पाय ओढायला लागला तेव्हा त्याच्या कॉलरला वास येत होता.

बेत इतका सरळ होता की तो फसला असता तरच नवल. जीभ जड, पाय फरफटतो, डोळे उजेडाला मिटलेले, मध्येच भडाभडा उलटी. याला कोणीही दारूच म्हणेल. खरे पिणारे तर त्याला आपला समजायचे आणि आग्रह करायचे. त्याची पंचाईत अशी की एक घोट पोटात गेला की दुसऱ्या दिवशी हमखास डोकं उठायचं. मग तो त्यांच्यात ग्लास घेऊन बसायचा आणि कोणाचं लक्ष नाही बघून टेबलाखाली ओतायचा. घरी येऊन ओली चप्पल दाखवून हसायचा.

वहिनीला मात्र हसू येत नसे. ती सगळं जाणून होती, आणि दारुड्याची बायको म्हणून मान खाली घालून नळावर पाणी भरायची. बायका तिची कीव करायच्या, मार खातेस का गं, असं हळूच विचारायच्या. एकदा ती माझ्यापाशी रडली. म्हणाली, "खरंच पीत असते तर निदान भांडता तरी आलं असतं."

थंड खोलीचा गुण त्याला कसा कळला ते त्याने मला एकदा सांगितलं होतं. सफरचंदांच्या खोलीत तापमान बघत असतानाच डोकं उठलं, तो खोक्यांच्या मागे टेकून बसला, आणि ठणका जरा बोथट झाला. अंधार, गारवा, आणि कसलाही आवाज नाही. बाहेरच्या जगात त्याला हे तिन्ही एका ठिकाणी कधी मिळालं नव्हतं. तेव्हापासून करवत चमकायला लागली की तो गुपचूप सफरचंदांच्या खोलीत शिरायचा आणि थोडं बरं वाटलं की बाहेर यायचा. अर्थात बिल्ला न टांगता. बिल्ला टांगला असता तर तापमान बघायला इतका वेळ कसा, हे विचारायला मुकादम आलाच असता. मी त्याला त्यावरून फैलावर घेतलं होतं. तो म्हणाला, दार लावायला जाड्या असतो, तो हाक मारल्याशिवाय दार ओढत नाही, मी ओ देईन. जाड्या म्हणजे त्याचा जुना सोबती, नावाप्रमाणे देह आणि देहाप्रमाणे जीव लावणारा. दादाला खांद्यावर टाकून घरी आणून सोडायचं काम नेहमी त्याचंच. दारू सोड रे बाबा, म्हणून दादाला सगळ्यात जास्त समजावलं तेही त्यानेच. त्यालाही खरं माहीत नव्हतं.

अशी वर्षं गेली, आणि मग चिमीचा हात गेला.

चिमी दादाची एकुलती एक. शाळेत फळ्यावरचं उतरवून घेत असताना तिच्या हातातून पेन गळून पडलं, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि बाई काय झालं विचारतात तर तिला नाव सांगता येईना. घरी आणली तोवर डोकं धरून विव्हळत होती. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. दादा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

आधी एका डॉक्टरने फेफऱ्याची औषधं दिली. त्यांनी पोर दिवसभर झोपेत असल्यासारखी राहायला लागली, आणि झटके यायचे ते येतच राहिले. शेवटी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी तपासलं, मेंदूचा फोटो काढून आणायला लावला, फोटोत काही नाही म्हणाल्या, आणि मग विचारलं, घरात आणखी कोणाला असं होतं का? नीट आठवून सांगा, औषध त्यावर ठरेल. वहिनीने दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "नाही. आमच्यात असलं काही नाही."

त्या दिवशी मी त्याच्याशी भांडले ते आजूबाजूच्या चार घरांना ऐकू गेलं असेल. त्याचं म्हणणं एकच. हे एकदा कोणाजवळ बोललो की हे कारखान्यापर्यंत जाणार, आणि काम गेलं की पोरीचं औषध कुठून आणायचं? मी म्हटलं, चुकीचं औषध आणायला कशाला हवंय काम? तो कानावर हात ठेवून बसला. खरोखरच ठेवले होते, कारण माझ्या आवाजाने त्याचं डोकं उठायला लागलं होतं. मग मलाच गप्प बसावं लागलं.

जे मला जमलं नाही ते चिमीने केलं, आणि तेही भांडायचा विचार नसताना. जेवताना ती सहज सांगत होती. वर्गात तिला आता डुली म्हणतात. तिच्या तोंडाचा वास घेऊन बघतात.

"म्हणतात, बाबांच्या बाटलीतली मीपण पिते," ती म्हणाली. "बाबा, मी सांगू का त्यांना, की तुम्ही पीत नाही?"

दादाचा घास हातातच राहिला. त्याने तो परत ताटात ठेवला आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशी पाळी बदलून घेऊन तो चिमीला आणि मला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला. वहिनी आली नाही. आयुष्यभर गिळलेलं दुसऱ्यासमोर ऐकायला तिच्या जिवावर आलं होतं.

दवाखान्यात तो सगळं बोलला. आईचं, स्वतःचं, चपटीचं, सफरचंदांच्या खोलीचं. खुर्चीच्या कडेवर बसून, खाली बघत. ऐकून झाल्यावर बाईंनी आधी चिमीची फेफऱ्याची औषधं हळूहळू बंद करायला सांगितली. मग आमच्याकडे बघून समजावायला लागल्या. डॉक्टर लोकांचं बोलणं माझ्या डोक्यावरून जातं, पण हे बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

आपला मेंदू पेशींचा बनलेला आहे, त्या म्हणाल्या, आणि प्रत्येक पेशीच्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी बारीक दारं असतात. त्यांतून क्षार आत-बाहेर करतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम. एक दार एका क्षाराचं, दुसरं दुसऱ्याचं. दार उघडतं, क्षाराचे विजेचा भार असलेले कण आत शिरतात, आणि त्यावरच पेशी पुढच्या पेशीला निरोप देते. हात हलतो, शब्द सुचतो, दिसतं, ते सगळं या दारांच्या उघडझापीवर. काही घराण्यांत यांतलं एखादं दार जन्मतःच थोडं वेगळं घडलेलं असतं. नको तेव्हा उघडतं, किंवा उघडलं की वेळेवर मिटत नाही. मग पेशी वाजवीपेक्षा जास्त चेतवल्या जातात. जागरण, उपाशी पोट, प्रखर उजेड, असं काहीतरी निमित्त होतं, आणि मेंदूवरून एक लाट सरकायला लागते. आधी खळबळ, आणि तिच्या मागोमाग शांतता. अगदी सावकाश सरकते. दिसण्याच्या भागावरून गेली की चमकणारी करवत दिसते. हाताच्या भागावर आली की हात जातो. बोलण्याच्या भागावर आली की शब्द जातात. ती ओसरली की हात आणि शब्द परत येतात, पण तोवर मेंदूच्या आवरणातल्या नसा जाग्या झालेल्या असतात, आणि तीच ती डोकेदुखी.

"ही अर्धशिशीच, पण सगळ्यांची अशीच असते असं नाही," त्या म्हणाल्या. "आणि कळलंय तेही पूर्ण कळलंय असं मी सांगणार नाही. पण तुमच्या घरातलं हे या दारांमुळे असावं असं मला वाटतं. रक्ताची तपासणी करू. आईबापांपैकी एकाला असलं तर मुलांना येण्याची शक्यता अर्धीअर्धी असते."

दादा म्हणाला, "आमच्याकडे दाराचं रबर गेलं की दार मिटलेलं दिसतं, पण आत बर्फ साठत जातो. तसंच का?"

बाई हसल्या, म्हणाल्या, जवळपास. तोही हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा बदलला.

"म्हणजे आमची आई खोटं बोलत नव्हती," तो म्हणाला.

बाई म्हणाल्या, "नाही. एक शब्दही नाही."

माझा भाऊ तिथे लहान पोरासारखा रडला. मीही रडले. चिमी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती, आणि मला वाटतं त्या दिवशी तिची भीती निम्मी झाली.

निघताना बाईंनी त्याला बजावलं. तुम्हीही गोळ्या घ्या, आणि त्या थंड खोलीत झटक्याच्या वेळी एकटं जाणं बंद करा. हात-पाय गेले तर उठणार कसे? मुकादमाला सांगा, हवं तर मी त्यांच्याशी बोलते. दादा म्हणाला, सांगतो. बाहेर आल्यावर माझ्याशी बोलताना त्या सांगतोला शेपूट फुटलं. फाटकाजवळच्या वजनकाट्यावरचा म्हातारा लवकरच निवृत्त होणार होता. ती जागा मिळाली की बसून काम, थंडी नाही, अमोनिया नाही. गुडघ्याचं निमित्त सांगून ती मागायची. एकदा तिथे बसलो की मग सगळं खरं सांगतो, तोवर चपटी चालू राहू दे. मी म्हटलं, आणि तोवर डोकं उठलं तर? तो म्हणाला, इतकी वर्षं उठतंयच की.

चिमीला नव्या गोळ्या लागू पडल्या. झटके थांबले नाहीत, पण विरळ झाले, आणि पोर जागी झाली. ती पुन्हा चुरूचुरू बोलायला लागली, माझ्या मशीनचं पायडल मारायला लागली. दादाही गोळ्या घेत होता. घरात पहिल्यांदाच त्या गोष्टीबद्दल मोठ्याने बोललं जात होतं. वहिनी एकदा मला म्हणाली, आता नळावर सांगून टाकू का? मी म्हटलं, काट्यावर बसू दे त्याला, मग मीच दवंडी पिटते.

तो शनिवार होता. शनिवारी दुपारी काम बंद होऊन सोमवारपर्यंत खोल्या उघडत नाहीत. त्या दिवशी सफरचंदांच्या खोलीत नवा माल भरत होते, दार सताड उघडं, दिवे लागलेले, माणसांची ये-जा. दादाचं डोकं उठलं, आणि त्याची नेहमीची जागा मोकळी नव्हती. तो बोळाच्या टोकाला मटाराच्या खोलीत गेला. बिल्ला त्याच्या खिशातच होता, मी शिवलेल्या.

काम संपल्यावर जाड्या दारं लावत आला. त्याने खुंट्या बघितल्या, सगळ्या रिकाम्या होत्या. त्याने आत डोकावून, कोण आहे का रे, म्हणून हाक मारली. ओ आली नाही. त्याने दार ओढलं. त्याने नियमातलं एक अक्षर चुकवलं नाही. दादाला हाक ऐकू गेली असेल का, हा प्रश्न जाड्याने मला कितीदा विचारला असेल, आणि मी प्रत्येक वेळी नाही म्हणते. पण ती लाट आली की ऐकू येतं, फक्त बोलता येत नाही. हे मला माहीत आहे, कारण चिमीने सांगितलंय.

तो घरी आला नाही तेव्हा आम्ही फाटकाशी गेलो. पहारेकऱ्याने मुकादमाला फोन लावला. मुकादम म्हणाला, पडला असेल कुठे पिऊन, सकाळी येईल. मी ओरडले, तो पीत नाही. पहारेकरी माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला, जणू प्रत्येक दारुड्याची बहीण हेच म्हणत असते. गल्लीतल्या माणसांनीही आधी दारूचे अड्डे धुंडाळले, कारण शोधायचं तर तिथेच, असं सगळ्यांचं ठरलेलं होतं. शेवटी वहिनीने जाड्याच्या दारात जाऊन त्याला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून. जाड्या अनवाणी धावत सुटला. किल्ली त्याच्याजवळच असायची.

मटाराच्या खोलीच्या दाराला आतून उघडायचा दांडा आहे, ढकलला की दार उघडतं. दादा दाराकडे तोंड करून खोक्यांना टेकलेला होता. दांड्यापासून फार लांब नव्हता; खोक्यांमागून तिथवर तो नंतर सरपटत आला असणार.

डॉक्टरांनी तपासलं, पंचनामा झाला, आणि कोटाच्या खिशात चपटी सापडली. त्यानंतर कोणाला काही विचारायची गरजच उरली नाही. प्यायला, आत गेला, झोपला. मेंदूच्या डॉक्टरीणबाई स्वतः कारखान्यात येऊन बोलल्या. साहेबांनी त्यांना चहा दिला, मान डोलावली, आणि लिहायचं तेच लिहिलं. पोटात दारूचा थेंब नव्हता हेही पुढे कळलं, पण तोवर गोष्ट गल्लीभर होऊन गेली होती, आणि झालेली गोष्ट कोणी परत घेत नाही. भेटायला आलेल्या माणसांसमोर चिमी उभी राहून म्हणाली, "बाबा पीत नव्हते. मला जे होतं तेच त्यांना व्हायचं." बायकांनी तिला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि बिचारी पोर म्हणाल्या. मला त्यांचे हात झटकून टाकावेसे वाटले. आईच्या वेळी खऱ्याला नाटक म्हणाले, आणि दादाच्या नाटकाला खरं. असल्या माणसांच्या तोंडी लागायचं मी आता सोडून दिलंय.

कारखान्याने त्याचा डबा आणि कोट परत पाठवला, आणि बिल्लाही. तो नंबर दुसरा कोणी घ्यायला तयार होईना. वहिनी तो पेटीत ठेवून देणार होती. चिमीने मागून घेतला.

तिला अजूनही मध्येच होतं. करवत चमकायला लागली की ती कोणाला काही सांगत बसत नाही, सांगायला वेळही थोडाच असतो. मागच्या खोलीच्या दाराबाहेर मी एक खिळा ठोकून दिलाय. त्याला ती बाबांचा बिल्ला टांगते, आत जाते, आणि पडदा ओढून पडते. बिल्ला दिसला की आम्ही आवाज बंद करतो. मी मशीन थांबवते. त्या दाराची कडी मी काढूनच टाकली आहे.

जाड्याने कारखाना सोडला, आता भाजी मंडईत हमाली करतो. अधूनमधून वहिनीला काही हवं-नको विचारायला येतो आणि दारातूनच जातो. परवा आला तेव्हा त्याला खिळ्यावरचा बिल्ला दिसला. तो जागच्या जागी थांबला. नंबर वाचला. मग मला अगदी हळू आवाजात म्हणाला, "आत कोण आहे?"

मी म्हटलं, "चिमी आहे. होईल बरी."

तो त्या दारासमोर जमिनीवर बसला. मी खुर्ची देते म्हटलं, तर नको म्हणाला. वहिनीने चहा पुढे केला, तो त्याच्या बाजूला निवत राहिला. दिवस कलला, मंडईची वेळ टळून गेली, तरी तो दाराकडे बघत बसून होता. शेवटी पडदा सरकला, चिमी डोळे चोळत बाहेर आली, तिने बिल्ला खिळ्यावरून काढून खिशात टाकला. मग जाड्या उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चप्पल घालून निघून गेला.